पारध्याचा पाळीव तितर

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरला की मोताळा तालुका लागतो. घाटाच्या उतारावरची काटेरी झुडपे आणि शेताचे बांध हे तितरांचे ठिकाण. जिल्ह्यात वस्ती असलेल्या फासेपारधी समाजाची जुनी विद्या अशाच रानाशी बांधलेली होती.

पाश्चात्त्य देशांत रानहंसांच्या शिकारीसाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकचे हंस शेतात मांडतात. खाली आपलेच भाईबंद निर्धास्त चरत आहेत, असे समजून थवा उतरतो. पाणपक्ष्यांना भुलवण्यासाठी जिवंत पक्षी वापरण्यास अमेरिकेत १९३५ मध्ये बंदी आली. पारध्यांची भुलावण मात्र जिवंतच होती आणि ती डोळ्यांना नव्हे, कानांना फसवत असे.

पिलापासून वाढवलेला नर तितर पिंजऱ्यात घालून पहाटे रानात नेला जाई. पिंजऱ्याभोवती बारीक फाशांची रांग खुंट्यांना बांधून जमिनीलगत मांडत. पाळीव तितर ओरडू लागला की त्या भागाचा धनी असलेला रानटी नर चवताळून उत्तर देई. आपल्या हद्दीत दुसरा नर त्याला खपत नाही. आवाजाच्या रोखाने तो झुंजीसाठी धावत येई आणि पाय फाशात अडके. म्हणजे सावजाला ओढून आणणारी भूक नव्हती, हद्दीचा अभिमान होता! हे ओळखणे म्हणजे पक्ष्याच्या स्वभावाचा पक्का अभ्यासच. मोठ्या सावजासाठी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हळूहळू जवळ जाण्याची रीतही या समाजात होती.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मालिकेने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत फासे लावणे व आमिष दाखवणे यांचाही समावेश केला. तितर धरणे गुन्हा ठरले. पक्ष्यांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण ज्यांच्याकडे शेती नव्हती आणि ज्यांना गावात कामही सहज मिळत नव्हते, त्यांच्या पोटाची सोय कायद्याबरोबर आली नाही.

या ज्ञानाचा वेगळा उपयोग पश्चिम विदर्भातच झाला आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन माळराने आणि दुर्मीळ तणमोर यांच्या संवर्धनाचे काम उभारले. गवतात दडलेला पक्षी नेमका कोठे असेल, हे सांगायला तिथे जुनी पारध कामी आली.