स्वमग्न बालकांची ओळख कशी पटत गेली

श्रोतेहो, एखादे दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोलत नाही, एकटेच खेळत बसते. शेजारीपाजारी म्हणतात, "कानाने अधू असेल," नाहीतर "आईनेच लाडावून ठेवलंय." अशा मुलांची ओळख शास्त्राला कशी पटत गेली, ती हकीकत आज ऐकू या.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली. आठ मुलगे, तीन मुली. त्यांच्या अवस्थेला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. माणसांत न रमणे आणि सारे रोजच्यासारखेच हवे हा हट्ट, एवढे सर्वांत समान. बाकी तऱ्हा मात्र निरनिराळ्या. आठ जण बोलत, तिघे मुळीच बोलत नसत. कोणी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणे. काहींना लोक बहिरेच समजत. एकाला गाणी आणि नावे तोंडपाठ, पण गोल वस्तू गरगर फिरवण्यापुढे माणसांकडे त्याचे लक्ष नसे.

पुढे एक अनर्थ झाला. कॅनर यांनी आईबापांच्या अलिप्तपणाकडे बोट दाखवले होते. त्यातून, माया कमी पडली म्हणून मूल असे झाले, हा समज पसरला. किती आयांनी हा बोल उगाच सोसला! १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून तो खोडून काढला. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. १९७७ साली जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला.

१९७९ साली लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांचा अभ्यास लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी मांडला. काही मुले माणसांना टाळतात, काही कोणी जवळ घेतले तर येतात, तर काही आपणहून येतात, पण वेगळ्याच रीतीने. म्हणजे, "आमचं मूल मांडीवर बसतं, हसतं, मग त्याला कसली स्वमग्नता?" असे म्हणून चालायचे नाही.

कोणी मूल आरंभापासून बोटाने वस्तू दाखवत नाही. कोणी चार शब्द बोलू लागते आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते विसरते. मुलींची लक्षणे तर पुष्कळदा नजरेतून सुटतात.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा गुरुजींनो, बाईंनो, शंका आली तर आधी कान तपासून घ्यायला सांगा, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा, "मोठं झालं की बोलेल" म्हणून वाट पाहू देऊ नका. आणि त्या आईला दोष तर मुळीच देऊ नका.