केस वाढत नाहीत, की वाढलेले तुटतात? कुरळ्या केसांच्या इतिहासातून एक धडा

"डॉक्टर, माझे केस खांद्याखाली वाढतच नाहीत." कुरळे केस असलेल्या स्त्रियांची ही नेहमीची तक्रार. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: कोणती गोळी घेऊ, कोणते तेल लावू?

आधी एक साधा हिशेब पाहू. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतो. घट्ट कुरळा केस त्याहून थोडा हळू वाढतो, पण वाढतो. तरीही वर्षभर लांबी तेवढीच राहत असेल, तर बहुतेक वेळा मुळाशी जेवढी वाढ होते तेवढीच टोकाला तूट होते. पगार दरमहा जमा होतो, पण शिल्लक शून्य, तसाच हा प्रकार. अशा वेळी पगारवाढ मागण्याआधी खर्च कुठे होतो ते पाहायला हवे.

केस कुठे खर्च होतात, हे शिकण्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांचा इतिहास फार उपयोगी आहे. कुरळ्या केसांवर जेवढे प्रयोग आणि जेवढे अत्याचार तिथे झाले, तेवढे क्वचितच कुठे झाले असतील.

कुरळा केस का तुटतो?

सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, घट्ट कुरळ्या केसाचा चपटा, लंबगोल. असा केस वाढताना स्वतःभोवती पिळत जातो. पिळाची प्रत्येक जागा थोडी कमजोर असते. डोक्याच्या त्वचेतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण वळणांच्या वाटेवर ते मध्येच राहते. त्यामुळे टोके कोरडी पडतात. शिवाय शेजारचे केस एकमेकांत अडकतात आणि कधी कधी एकाच केसाला आपोआप गाठ बसते.

मग हा केस जन्मतःच दुबळा आहे का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. गाठी आणि तुटलेली टोके भरपूर दिसली, पण केसाच्या मूळ घडणीत दोष आढळला नाही. नुकसान मुख्यतः विंचरण्या-ओढण्याचे होते. कुरळा केस सदोष नाही, त्याला वेगळ्या हाताळणीची गरज आहे, एवढाच याचा अर्थ.

रविवारचे केस

गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी लोकांकडे त्यांचे कंगवे नव्हते, तेले नव्हती आणि वेळही नव्हता. मेंढीची लोकर पिंजण्याच्या हत्याराने केस विंचरले जात. तेलाऐवजी लोणी किंवा डुकराची चरबी लावली जाई. आठवडाभर केस दोऱ्याने गुंडाळून फडक्याखाली बांधून ठेवायचे आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सोडायचे अशी पद्धत होती.

या हलाखीतही एक शहाणपण होते. गुंडाळून झाकलेला केस घासला जात नाही, रोज ओढला जात नाही. आज 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल' म्हणून जे शिकवले जाते त्याचे हे जुने रूप.

धोबीण ते उद्योजिका

१८६७ साली लुइझियानात जन्मलेली सारा ब्रीडलव्ह ही पूर्वी गुलाम असलेल्या जोडप्याची मुलगी. विसाव्या वर्षी विधवा झाली आणि सेंट लुइस शहरात लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागली. तिचे केस गळू लागले. त्या काळी गरिबांच्या घरात नळाचे पाणी नसे. केस क्वचितच धुतले जात, कोंडा आणि डोक्याच्या त्वचेचे आजार सर्रास असत. ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची उत्पादने तिने आधी विकली. पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचा व्यवसाय उभारला आणि अमेरिकेतील अत्यंत यशस्वी उद्योजिकांत ती गणली गेली.

तिच्या मलमात गंधक होते. कोंड्यावर गंधक आजही वापरतात. केस वारंवार धुवा, डोक्याची त्वचा स्वच्छ ठेवा, यावर तिचा भर होता. म्हणजे 'केस वाढवणारे मलम' म्हणून जे विकले गेले, त्याच्या यशात स्वच्छतेचा वाटा मोठा असणार.

तिच्या पद्धतीत तापवलेला धातूचा कंगवाही होता. त्याचा शोध तिने लावला असे सांगितले जाते, ते खरे नाही. तो आधीपासून होता.

सरळ करण्याचे शतक

तापलेल्या कंगव्याने केसातले काही तात्पुरते बंध सुटतात आणि केस सरळ होतो. पाणी किंवा घाम लागला की पुन्हा कुरळा. त्यामुळे अनेक स्त्रिया पाणी टाळू लागल्या. केस धुणे लांबवायचे, पोहायचे नाही, घाम येईल असा व्यायाम नको. फिजिशियन म्हणून मला केसांपेक्षा या व्यायाम टाळण्याची काळजी अधिक वाटते. मधुमेह आणि रक्तदाब केशरचना पाहून थांबत नाहीत.

मग आले रिलॅक्सर. त्यातला मुख्य घटक सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचे घरगुती मिश्रण डोक्याला लावताना झालेली आग वर्णन केली आहे. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी सुरू केलेल्या कंपनीसारख्या उद्योगांनी रिलॅक्सर घराघरांत पोहोचवले. हे रसायन केसाला मजबुती देणारे गंधकाचे बंध कायमचे तोडते. केस सरळ होतो, पण तेवढाच दुबळाही.

हे सारे निव्वळ हौसेपोटी नव्हते. साठच्या दशकात 'काळे तेच सुंदर' म्हणत आफ्रो केशरचना अभिमानाने मिरवली गेली, तरी नोकरीच्या ठिकाणी हवा होता सरळ केस. १९८१ मध्ये रेनी रॉजर्स या विमान कंपनीतील कर्मचारी स्त्रीने बारीक वेण्या घालण्याच्या हक्कासाठी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली आणि ती हरली. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा 'क्राउन' कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य.

वैद्यकशास्त्राने काय पाहिले?

१९६८ मध्ये डोक्याच्या मध्यभागी टक्कल पडणाऱ्या स्त्रियांचे वर्णन 'हॉट कोंब ॲलोपेशिया' या नावाने झाले. नंतर दिसले की गरम कंगवा न वापरणाऱ्यांनाही हा आजार होतो. नाव बदलावे लागले. २०१९ मध्ये काही रुग्णांत त्यामागे जनुकीय कारणही सापडले. म्हणून टक्कल दिसले की लगेच त्या बाईच्या सवयींना दोष देऊ नये.

घट्ट वेण्यांमुळे कपाळाच्या कडेचे आणि कानांजवळचे केस विरळ होणे हा मात्र खराच ओढीचा परिणाम. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मुळेच नष्ट होतात. आपल्याकडचा घट्ट अंबाडा किंवा ताणून बांधलेली पोनीटेल यालाही हाच नियम लागू आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायने कधीही न वापरलेल्या स्त्रियांत वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची अंदाजे शक्यता १.६४ टक्के होती. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ती ४.०५ टक्के होती. यावरून रसायनानेच कर्करोग झाला हे सिद्ध होत नाही. पण संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हा प्रश्न आपल्या शहरांतही आला आहे. रीबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन ही नावे तुम्हाला माहीत आहेत. काही स्मूदनिंग उत्पादनांतून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेल्या क्रीमनंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना वारंवार इजा झाल्याचे फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवले.

मग नैसर्गिक केस वाढवायचे कसे?

१. रसायन सोडल्यावर मुळाशी नवा कुरळा केस येतो आणि खाली जुना सरळ भाग राहतो. दोन्हींचा सांधा सर्वांत कमजोर असतो. जुना भाग एकदम कापा किंवा दर दोन-तीन महिन्यांनी थोडा थोडा. पण त्या सांध्याशी ओढाताण नको.

२. सरळ केस ओला असताना विंचरला तर जास्त तुटतो. घट्ट कुरळ्या केसाचे उलटे आहे: तो कोरडा विंचरताना जास्त ओढ बसते. म्हणून ओल्या केसाला कंडिशनर लावून, चार-सहा भाग करून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा. सुरुवात नेहमी टोकाकडून, मग हळूहळू वर.

३. नहाण्याआधी खोबरेल तेल लावण्याची आजीची पद्धत चांगली आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला हे जमले नाही. ही कंपनी खोबरेल तेल विकते, हेही लक्षात ठेवा. आणि कोंडा असेल तर डोक्याला तेल थापून ठेवू नका, तो वाढतो. तेल केसांच्या लांबीला लावा.

४. सैल वेणी घाला. बांधताना दुखले किंवा कपाळाशी पुरळ आले तर ती घट्ट आहे. बारीक वेण्या बरेच आठवडे ठेवल्या तर रोजचे ५० ते १०० गळणारे केस आतच अडकून गुंता होतो. वेळेवर सोडा.

५. झोपताना केस सॅटिनच्या फडक्यात गुंडाळा. रविवारच्या केसांची आठवण ठेवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा.

६. घाम येणारा व्यायाम केसांसाठी चुकवू नका.

डॉक्टरांकडे कधी यावे?

गळलेल्या केसाच्या मुळाशी बहुधा पांढरा ठिपका असतो. तुटलेल्या केसाला तो नसतो आणि त्याचे तुकडे लहान-मोठे असतात. मुळासकट केस पुष्कळ जात असतील तर रक्तक्षय, थायरॉइड, बाळंतपण किंवा मोठे आजारपण यांचा विचार करावा लागतो. डोक्यावर गुळगुळीत चकती दिसली, आग किंवा वेदना होऊ लागली, भांग रुंद होत गेला, तर थांबू नका. व्रण धरून पडलेले टक्कल भरून येत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

बाकीच्यांनी बाटल्या विकत घेण्याआधी महिनाभर आपला कंगवा, वेणी आणि उशी यांच्याकडे लक्ष द्यावे. तुमचा केस वाढतोच आहे. तो टिकला की लांबी आपोआप दिसेल.