बरची, तीर आणि बंदूक

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही गावी पोचलो. जेवणे झाली, अंगणात बाजा टाकल्या आणि जरा पाठ टेकतो न टेकतो तोच गोदावरीच्या अंगाला, दूर शिवारात, फटाके वाजू लागले. आधी एक, मग पाठोपाठ तीन. माझी सात वर्षांची नात ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "आजोबा, इथली दिवाळी आपल्याआधी लागते का हो?"

पुतण्या चुलीजवळ शेकत बसला होता. तो हसला, पण ते हसू काही खरे नव्हते. "दिवाळी नाही बाळा," तो म्हणाला. "डुकरं आली मक्यात."

आमचे गाव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात. रानडुकरांशी आमच्या घराचे वैर आज चार पिढ्यांचे आहे. माजघरातल्या खुंटीवर एक गंजलेले बरचीचे पाते टांगलेले असे. पणजोबा जालन्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या शिकारीत हाकेकरी म्हणून जात. काठी तुटलेली एक बरची साहेबाने फेकून दिली. पणजोबांनी तिचे पाते उचलून घरी आणले. घरात इतिहासाची पुस्तके नव्हती, पण ते पाते होते. त्या रात्री ते डोळ्यांपुढे आले आणि वाटले, या शिकारीची हकीकत एकदा लिहून काढावी.

शिकार संपली तरी भाषेतून ती जात नाही. निवडणुकीत अमक्याने मुसंडी मारली असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा मान खाली घालून तीरासारखे धावून येणारे डुक्कर कोणाच्या मनात येते? हाकाटी, सावज, फासा, वेध हे सारे शब्द रानातून घरात आले. भोकरदन तालुक्यात तर पारध नावाचे गावच आहे. गावकरी ते नाव पराशर ऋषींशी जोडतात. परक्या माणसाला मात्र ते ऐकताच शिकार आठवते.

सर्वांत जुने शस्त्र धनुष्य. महाभारताच्या वनपर्वातली कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मूक नावाचा दैत्य डुकराचे रूप घेऊन अर्जुनावर धावून येतो. अर्जुनाचा बाण आणि किराताच्या वेषातल्या शंकराचा बाण एकाच वेळी त्याला लागतात आणि सावज कोणाचे यावरून देवभक्तांत युद्ध जुंपते. इकडे वेरूळच्या लेण्यांत त्याच वराहाने पृथ्वीला उचलून धरलेले आहे. ज्याला मारायचे त्याचीच पूजाही करायची, ही आपली रीत जुनीच आहे. पण सावज कोणाचे, हा अर्जुनाचा प्रश्न मात्र पुढच्या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. तेथून खानदेशापर्यंत भिल्लांची वस्ती. भिल्लाचा कमठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. या कमठ्याने डुक्कर मारायचे म्हणजे पंधरा-वीस पावलांवर जावे लागते. डुकराची नजर मंद, पण नाक विलक्षण तिखट. वारा पाठीमागून असला की सगळा डाव फसला. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीची जाड ढालच असते. तीर तेथे लागून उपयोग नाही. पुढच्या पायाच्या कोपराआड, बरगडीतच तो गेला पाहिजे. सपाटीवर फासेपारधी होते. त्यांचे हत्यार म्हणजे फासा आणि पायवाटेची पारख. माती पाहून कळप किती जणांचा, कधी गेला, हे ते सांगत. पुढे इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने एकेका जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारध्यांसारख्यांच्या कपाळी आलेला तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र फासेपारध्यांची हीच पारख ओळखून त्यांना आपल्या पदरी नोकरीला ठेवले होते. महाराज स्वतः घोड्यावरून बरचीने डुकराची शिकार करणारे. कसबाची किंमत कसबी माणसालाच कळते.

आता बरचीकडे वळू. १८०३च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. वय पुरते चोवीसही नव्हते. हाच पुढे १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर झाला. विद्वान माणूस, पण डुकराच्या शिकारीचा त्याला विलक्षण नाद. असईनंतर जालन्याला इंग्रजी फौजेची छावणी पडली. गोऱ्या अंमलदारांपुढे मोकळा माळ, अरबी घोडे आणि पुष्कळसा रिकामा वेळ! पिके निघाली की शिकारीचा हंगाम सुरू होई.

या शिकारीचे शास्त्रच बनले होते. बंगालकडची बरची आखूड, शिसे भरून जड केलेली. ती वरून खाली भोसकायची. दख्खनची बरची लांब, भरीव बांबूची. ती हात खाली ठेवून भाल्यासारखी रोखायची. ज्याच्या पात्याला पहिले रक्त लागेल, सुळे त्याचे. मादीवर बरची उगारायची नाही. आणि जेथे घोडा दौडू शकतो अशा मुलखात डुकराला गोळी घालणे, म्हणजे इंग्लंडात कोल्ह्याला गोळी घालण्याइतकेच लाजिरवाणे! बालवीर चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने १८८३ साली उत्तरेत या शिकारीचा मानाचा कादिर चषक जिंकला आणि १८८९ साली तिच्यावर एक सबंध पुस्तक लिहिले.

या खेळात धैर्य होते, हे नाकारून चालणार नाही. काळ्या रानातल्या भेगांतून भरधाव घोडा घालायचा आणि समोर उलटून येणारे डुक्कर! घोड्याचे पोट फाटायला त्याच्या सुळ्याचा एक फटकारा पुरे. पण पणजोबा आजोबांना जे सांगत, ते साहेबांच्या पुस्तकात नसे. ते म्हणत, "साहेबाचा खेळ उन्हाळ्यात. डुक्कर पोसायचं बारा महिने आपण." ज्या जोंधळ्यावर, ज्या भुईमुगावर तो नर माजला, तो कुणब्याचा. कुणब्याने रात्री खड्डा खणून तोच नर धरला तर साहेबांच्या लेखी सावजाची नासाडी. सुळे साहेबाचे, हाक कुणब्याची आणि नुकसानही कुणब्याचेच.

छावणी गेली, साहेब गेले. आजोबांच्या हाती आली ठासणीची बंदूक. दारू, चिंध्या, छर्रे सळईने ठासायचे आणि एकदा बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत देवाचे नाव घ्यायचे. स्वराज्यात १९५९चा शस्त्रकायदा आला, त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. ज्याच्याजवळ चार पैसे, तो बारा बोअरची दुनळी घेई. छऱ्याची बंदूक तीस-चाळीस पावलांपलीकडे भरवशाची नाही. म्हणजे तिलाही जवळ जावे लागतेच. जखमी नर अंगावर आला तर पळायला जागा हवी आणि काळीजही हवे.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मार्गशीर्षातले चांदणे होते. काढायला आलेल्या भुईमुगाच्या कडेला, बाभळीवरच्या माळ्यावर मी आजोबांजवळ गोधडीत बसलो होतो. मध्यरात्रीनंतर शेंगा फोडल्याचा कुडुम-कुडुम आवाज येऊ लागला. आजोबांनी बंदूक हळूच उचलली. मी कानांत बोटे घातली. किती वेळ गेला कोण जाणे. बार झालाच नाही. पाहतो तो आजोबांनी बंदूक मांडीवर ठेवलेली आणि ते टाळ्या वाजवून "हो, हो" करताहेत. चांदण्यात मादी पळाली आणि तिच्यामागे पाचसहा पट्ट्यापट्ट्यांची पिले, एकामागे एक, माळेसारखी.

सकाळी पाहिले तर दोन तासे उकरून टाकलेली. आजीने आजोबांना जे सुनावले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. मी विचारले, "आबा, मादी मारू नये हा साहेबाचा नियम ना?" आजोबा चिडले. "साहेब येण्याआधी काय आपल्याला डोळे नव्हते?"

पुढे काळ भराभर पालटला. १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला आणि डुक्कर मारायला परवानगी लागू लागली. १९७६च्या सुमारास पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाले. डावा कालवा अंबड-घनसावंगीकडून परतूरकडे गेला आणि जिराईत रानात ऊस उभा राहिला. आमच्या जिल्ह्यात जंगल फारच थोडे. पण उसाच्या फडाइतके दाट, थंड आणि पोटभर खायला देणारे जंगल दुसरे कोणते? डुकराला खाणारा वाघ आमच्या भागातून केव्हाच नाहीसा झाला. मादी चार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिले देते. हिशेब शाळकरी पोरानेही करावा.

केवळ बंदुकीने हा हिशेब सुटत नाही, हे अमेरिकेकडे पाहून कळते. तेथे डुक्कर मुळात नव्हतेच. १५३९ साली डी सोटो नावाचा स्पॅनिश सरदार पाळीव डुकरे घेऊन फ्लोरिडात उतरला. त्या व पुढच्या डुकरांतली सुटलेली रानटी झाली. आज तेथे त्यांची संख्या साठ लाखांवर असल्याचा अंदाज आहे. टेक्ससमध्ये लोक त्यांना तीराने मारतात, छऱ्याच्या बंदुकीने मारतात, वर्षभर मारतात. तरी ती पुरून उरली आहेत.

आपल्याकडे २०१५ साली राज्य शासनाने पीक खाणारी रानडुकरे आणि रोही मारण्याच्या परवानगीची पद्धत ठरवून दिली. नुकसानीची भरपाईही मागता येते. परवानगीवाचून मारणे आजही गुन्हाच. पण अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, बंदूकवाला शोधायचा. तोवर मका कोण राखणार? मग कोणी फटाके लावतो, कोणी साड्या बांधतो. आणि कोणी तारेत वीज सोडतो.

त्या रात्री पुतण्या मला बांधावर घेऊन गेला. विजेरीच्या उजेडात नवी कोरी तार चमकली. खांबावरून आकडा टाकायचा तेवढा राहिला होता. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "तात्या, तुमचं बरंय. तुम्ही शहरात राहता. दोन एकर गेलं माझं."

त्याचे दोन एकर गेले होते, हे खरेच होते. मी त्याला एवढेच विचारले, "पहाटे उसाला पाणी द्यायला कोण येतं?" तो गप्प झाला. पाणी द्यायला सालगडी येतो. कधी त्याची बायको येते, कडेवर पोर घेऊन. अशा तारांनी महाराष्ट्रात डुकरांबरोबर माणसेही मेली आहेत.

कमठ्यामागे भिल्ल उभा असे, बरचीमागे साहेब असे, ठासणीच्या बंदुकीमागे माझे आजोबा होते. कोणी चांगला, कोणी वाईट. पण समोर कोण आहे हे पाहणारे दोन डोळे प्रत्येक शस्त्रामागे होते. चांदण्यात पिले दिसली तेव्हा बंदूक खाली ठेवता आली. तारेला ते कसे दिसावे?

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, आम्ही दोघांनी मिळून ती तार गुंडाळली. भाऊबीजेनंतर पुतण्याच्या बरोबर वनखात्याच्या कचेरीत जाऊन भरपाईचा अर्ज दिला. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री, घरोघर पणत्या लागल्या असताना, मी, पुतण्या आणि हट्टाने आलेली नात असे तिघे माळ्यावर गोधडीत बसलो. मध्यरात्री मका खसखसला. नातीने माझा हात घट्ट धरला, मग सोडला, आणि उभी राहून माझ्या आजोबांसारख्याच टाळ्या पिटल्या.