माळवद, स्लॅब आणि आपला चौक

सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास या अंकात इतर मंडळी लिहितीलच, म्हणून मी आपल्या घरांतल्या उन्हाळ्याचा इतिहास लिहायचं ठरवलं.

आपल्यातले बरेचजण लातूर-धाराशिवकडच्या खेड्यांतून आलेले. आमचं गावाकडचं घर माळवदाचं. मातीत रचलेल्या दगडी भिंती दोन-अडीच फूट जाड. वर लाकडी सर, त्यावर किलचं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातही दुपारी आत गारवा असायचा, कारण एवढा दगड आणि माती तापायलाच दिवस जातो. आतली गरम हवा छतातल्या सवण्यातून वर निघून जायची. संध्याकाळी आत उकडायला लागलं, की आम्ही माळवदावर अंथरुणं टाकायचो. उघड्या आभाळाखाली माती रात्रभर निवायची आणि सकाळी घर पुन्हा गार.

पण छत गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची. ओझं वाढत जायचं. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी-सास्तूर भागात असलीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. वडील म्हणाले, "पत्रा चालंल, पण डोक्यावर माती नको." पुढे आम्ही इथे घर घेतलं ते स्लॅबच्या भरवशावर. तो निर्णय बरोबरच होता.

मात्र स्लॅब पडला पाच-सहा इंचांचा. दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खालच्या घरात सोडतो. तरीही सुरुवातीची काही वर्षं आपल्याकडे कूलर मोजकेच होते, कारण इमारतीच्या मधला चौक वरून उघडा होता. जिन्यातली, स्वयंपाकघरांतली गरम हवा तिथून वर जायची आणि तिच्या जागी पार्किंगच्या सावलीतली हवा खालून यायची. गावाकडच्या सवण्याचंच काम हा चौक करत होता. मग कबुतरांच्या आणि पावसाच्या तक्रारी आल्या आणि आपण चौकावर पारदर्शक पत्रा ठोकला. तेव्हा सचिव मीच होतो, ठरावावर सही माझीच आहे. आता पत्र्यातून ऊन आत येतं, गरम हवा मात्र बाहेर पडत नाही. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना एप्रिलपासून जिन्याकडचं दार उघडवत नाही.

पत्रा काढून टाका, असं मी म्हणत नाही. तो कठड्यापासून तीन फूट उचलावा, कडेने थोडा बाहेर काढावा आणि मधल्या जागेत चारी बाजूंनी जाळी बसवावी. पाऊस अडेल, कबुतरं येणार नाहीत आणि हवेला वाट मिळेल. शिवाय दर फेब्रुवारीत गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढऱ्या रंगावरून बरंचसं ऊन परत जातं. माळवदाला दरवर्षी माती लागायची, आपलं चुन्यावर भागेल.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मीच मांडणार आहे. चूक माझ्या सहीने झाली, दुरुस्तीला तुमचं अनुमोदन हवं.