कुलूप आधी, किल्ली मागाहून

1896 सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि गिरणीतला आमचा रत्नागिरीचा चाकरमानी बोचके बांधून कोकणच्या वाटेला लागला. त्याला लोकांनी भित्रा म्हटले, अडाणी म्हटले. 29 ऑक्टोबरला हजाराच्या आसपास कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, तेव्हा तर विचारूच नका. पण कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्हांला त्याचा अर्थ वेगळा लागतो. राग औषधावर नव्हता. जबरदस्तीने माणूस उचलून नेतात आणि पुढे काय होणार ते सांगत नाहीत, यावर होता.

त्याच सुमारास भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन हे मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून प्लेगाचे जंतू वाढवीत होते. ते उष्णतेने मारून त्यांनी लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लसीने संरक्षण मिळाले. पूर्ण नव्हे, पण खरे. मात्र मेलेला जंतू पाहून शरीर जिवंत जंतूला कसे ओळखते, याचा उलगडा तेव्हा कोणापाशीच नव्हता.

योगायोग असा, की त्याच 1897 साली जर्मनीत पाउल एर्लिख यांनी एक तर्क मांडला. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या घडणीचे फाटे असतात. कुलपात किल्ली बसावी तसे विष त्यांत बसते. मग पेशी तसलेच फाटे भाराभर बनवून रक्तात सोडते. या फाट्यांना आज आपण ग्राही म्हणतो आणि रक्तात सुटलेल्यांना प्रतिपिंडे. एर्लिख यांनी त्यांची चित्रेही काढली, आणि तीही डोळ्यांनी न पाहता!

पुढे रॉडनी पोर्टर व जेराल्ड एडेलमन यांनी प्रतिपिंडाचे तुकडे सुटे केले. दोन जड व दोन हलक्या साखळ्या मिळून तो वाय या इंग्रजी अक्षरासारखा दिसतो, हे ठरले. 1972 चे नोबेल त्यांना मिळाले. पण शत्रूला पकडणारी जागा नेमकी कोणती? 1970 साली वू आणि काबाट यांनी जे केले ते गिरणीच्या हजेरीपटासारखे होते. हलक्या साखळ्यांतील अमिनो आम्लांची क्रमवारी त्यांनी एकाखाली एक मांडली आणि कोणत्या घरात नाव फार बदलते ते मोजले. तीन जागी बदल अतोनात निघाला. पकड तिथेच असणार, असे त्यांनी भाकीत केले. 1973 पासून स्फटिकांवर क्ष-किरण टाकून काढलेल्या आकृत्यांनी ते खरे ठरवले.

इतक्या तऱ्हा येतात कोठून? सुसुमु तोनेगावा यांनी 1976 साली दाखवले, की पेशी जनुकांचे तुकडे निरनिराळ्या रीतीने जोडते. टी-पेशींचे ग्राहीही असेच घडतात. म्हणजे शत्रू येण्यापूर्वीच कुलपे तयार असतात. जे जुळते, त्याच्या पेशी वाढतात.

आता हे भाकीत संगणक करतो. क्रमवारीवरून प्रथिनाची घडी सांगणाऱ्या कामाला 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही जड साखळीचे तिसरे वळण त्यालाही चकवते. प्रथिनाच्या नातलगांच्या क्रमवारीतून संगणक घडी ओळखतो. आणि हे वळण तर प्रत्येक पेशीत नव्याने जुळवलेले, त्याला असे गोत नसते. म्हणून संगणकाच्या उत्तरालाही प्रयोगशाळेतला पडताळा लागतोच.

मंडळी, यातच आमच्या मते या इतिहासाचा बोध आहे. एर्लिख यांनी तर्क केला, वू आणि काबाट यांनी मोजून भाकीत केले, आणि पडताळ्याने ते शास्त्र झाले. माणसांच्या विश्वासाचेही तसेच आहे. हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, हा पडताळाच होता. 1896 च्या त्या कामगारालाही याहून वेगळे काही हवे होते, असे आम्हांला वाटत नाही. उद्या संगणकाच्या भाकितावरून घडवलेली लस आपल्या वाडीत येईल, तेव्हा ती टोचणाऱ्याने आधी नीट समजावून सांगावे आणि आपणही न भिता विचारावे. पळून जाण्याची पाळी मग कोणावर येणार नाही.