तेलभट्टीच्या गाळणीची कुळकथा

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मेनपासून न्यू जर्सीपर्यंत, कितीतरी जुन्या घरांच्या तळघरात २७५ गॅलनांची, म्हणजे हजार लिटरांहून थोडी मोठी, पोलादी टाकी उभी असते. टाकीच्या बुडाशी झडप, झडपेपुढे मोठ्या पेल्याएवढं एक लोखंडी भांडं आणि तिथून भट्टीपर्यंत गेलेली तांब्याची बारीक नळी. त्या भांड्याच्या पोटात लोकरीच्या फेल्टचं एक नळकांडं असतं. तोच तेलाचा फिल्टर. त्याची किंमत किरकोळ. पण जानेवारीच्या कडाक्यात तो तुंबला की भट्टी विझते आणि घर फार काळ थंड राहिलं तर भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटतात. आजही सुमारे ५० लाख अमेरिकी घरं तेलावर ऊब मिळवतात. त्यांतली पाचांतली चार याच पट्ट्यात आहेत. मेनमध्ये तर निम्म्याहून अधिक घरं तेलावरची.

या गाळणीचं कूळ शोधायला मात्र कॅस्पियन समुद्राच्या काठी जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाकूमध्ये खनिज तेलापासून रॉकेल काढत. ते काढून झालं की मागे काळा, दाट गाळ उरे. त्याला तिथे मजुत म्हणत. या मजुताचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न होता, कारण तेल साचलेलं असताना नीट जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवा जिथे भेटते तिथेच. थेंब जितके बारीक, तितकं जळण स्वच्छ. १८८०च्या सुमारास व्लादिमीर शुखोव या तरुण रशियन अभियंत्याने वाफेच्या जोरावर मजुताचा फवारा उडवणारं नोझल तयार केलं. त्याच दशकात ग्राझी-त्सारित्सिन रेल्वेवर थॉमस अर्कहार्ट यांनी इंजिनं मजुतावर चालवून दाखवली. टाकाऊ गाळाचं इंधन झालं.

जहाजांना ही वाफेची युक्ती परवडेना. फवाऱ्यासाठी वाफ उडवायची म्हणजे बॉयलरचं गोडं पाणी घालवायचं, आणि भर समुद्रात ते आणायचं कुठून? म्हणून पंपाने तेलच दाबाखाली आणून बारीक छिद्रातून गरगर फिरवत बाहेर फेकण्याची पद्धत तिथे रुळली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश नौदलाने क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या युद्धनौका निव्वळ तेलावर चालणाऱ्या बांधल्या. तेलाची सोय म्हणून ब्रिटिश सरकारने १९१४ मध्ये अँग्लो-पर्शियन कंपनीतला मोठा हिस्साही घेतला. गाळणीचं महत्त्व खऱ्या अर्थाने कळलं ते इथे. छिद्र बारीक झालं की कचऱ्याचा कणसुद्धा काम थांबवतो, म्हणून जहाजावर गाळण्या जोडीने बसवत. एक चालू ठेवून दुसरी उघडायची आणि साफ करायची.

घराघरांत तोवर कोळसाच होता. पेन्सिल्व्हेनियाचा टणक अँथ्रासाइट तळघरात ओतून घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ भट्टीत फावड्याने सारायचा, राख उपसायची. या कष्टांवर पहिला उतारा तेलाच्या आधीच सापडला होता. मिनिआपोलिसच्या आल्बर्ट बुट्झ यांनी १८८०च्या दशकातच खोली गार झाली की भट्टीची हवेची झडप आपोआप उघडेल अशी कळ बसवली. त्यांच्या धंद्यातूनच पुढे हनीवेल ही कंपनी उभी राहिली. कोळशाच्या भट्टीला ही कळ फक्त जोर कमी-जास्त करायला सांगू शकत होती. तेलाच्या भट्टीला ती पेट आणि विझ असं सांगू लागली.

१९२०च्या दशकात घरोघरी वीज आली तेव्हा जहाजावरचं तंत्र तळघरात उतरलं. एकाच छोट्या मोटरवर पंखा आणि तेलाचा पंप, आणि ठिणगीसाठी दहा हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या विल्यम्स कंपनीचा ‘ऑइल-ओ-मॅटिक’ या पिढीतला नावाजलेला बर्नर. पुढे घरगुती पंपांचा दाब दर चौरस इंचाला १०० पौंड असा ठरून गेला. नोझलवर आजही या दाबाला ताशी किती गॅलन तेल जातं तोच आकडा छापलेला असतो.

१९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी पूर्व किनाऱ्यावर तेलवाहू जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि या सुखाला खीळ बसली. ईशान्येत घरगुती तेलाचं रेशनिंग आलं आणि सरकारने लोकांना पुन्हा कोळशाकडे वळायला सांगितलं. टेक्सासहून पूर्वेकडे तेल आणणारी ‘बिग इंच’ ही २४ इंची वाहिनी याच निकडीतून बांधली गेली. युद्ध संपल्यावर तेलभट्ट्या पुन्हा झपाट्याने पसरल्या.

गाळणीच्या दृष्टीने खरं वळण १९७३चं आहे. तेल अचानक महागलं. हवेला भोवरा देऊन ज्योत तोंडाशीच धरून ठेवणारे नवे बर्नर घरोघर पोचले, ब्रूकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत घरगुती तेलभट्ट्यांची कार्यक्षमता मोजली जाऊ लागली, घरांना उष्णतारोधक अस्तर लागलं. कमी उष्णता पुरू लागली, तसं नोझलही लहान झालं. ताशी एक गॅलनाच्या आतली नोझलं सर्रास वापरात आली. त्यांचं छिद्र मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढं, आणि तेलाला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा त्याहून सूक्ष्म. पूर्वीच्या नोझलातून निसटून गेला असता तो कण इथे अडतो. बचतीचं पुष्कळसं श्रेय नव्या बर्नरला मिळालं. तो बर्नर रोज नीट पेटता ठेवला तो मात्र फिल्टरने.

तेलात कचरा येतो कुठून? टाकीतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते तळाशी बसतं, पोलाद गंजतं. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर तेल खाऊन जगणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत साका जमतो. टँकरवाल्याने जोराने तेल भरलं की हा साका ढवळून वर येतो. टाकीच्या श्वासनळीवर शिट्टी बसवलेली असते. भरताना ती वाजत राहते आणि थांबली की टाकी भरली. मॅसॅच्युसेट्सच्या स्कली कंपनीने १९३६ मध्ये ही शिट्टी काढली, त्यामुळे तेल ओसंडणं थांबलं. साक्याला मात्र फिल्टरशिवाय इलाज नाही.

म्हणूनच तेल तीनदा गाळलं जातं. आधी फेल्टमधून, मग पंपातल्या तारेच्या जाळीतून, शेवटी नोझलच्याच शेपटीला लावलेल्या चिमुकल्या गाळणीतून. रॉकेलच्या स्टोव्हला काकडा लावून पंप मारलेल्या मराठी माणसाच्या मनात इथे पिन येणारच. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा १८९२चा स्वीडिश स्टोव्ह रॉकेलची वाफ जाळतो आणि त्याचं भोक पिनेने साफ होतं. तेलभट्टीच्या नोझलला पिन किंवा तार कधीच लावायची नसते. एका ओरखड्याने फवारा वाकडा होतो, काजळी धरते. हे नोझल साफ करायचं नसतं, दर वर्षी बदलायचं असतं.

फिल्टर बदलणं तसं सोपं, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी भट्टीची वीज बंद, मग टाकीची झडप बंद. ही झडप आगीपासूनही राखण करते. सुमारे ७४ अंश सेल्सिअसला तिच्यातला धातू वितळतो आणि ती आपोआप मिटते. भांड्याखाली परात ठेवून वरचा बोल्ट सैल करायचा, जुनं नळकांडं काढायचं, भांडं पुसायचं. नवं नळकांडं बसवताना वॉशर आणि गॅस्केटही नवीच घालायची. कारण टाकीतून तेल ओढून घेणाऱ्या नळीत फट राहिली तर तेल बाहेर गळतच नाही, हवा आत शिरते, आणि बर्नर विनाकारण विझत राहतो. शेवटी झडप उघडून आधी फिल्टरच्या डोक्यावरच्या स्क्रूमधून आणि मग पंपाच्या तोटीतून अडकलेली हवा काढून टाकायची. काळं, घाण तेल उघड्यावर ओतू नये, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावं.

न्यू जर्सी, कनेक्टिकट किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी अंगणात पुरलेली जुनी टाकी आहे का, हे सौद्याआधीच तपासून घ्यावं. माती दूषित निघाली तर ती साफ करण्याचा खर्च प्रचंड असतो. भट्टी विझली तर ती पुन्हा पेटवण्याचं लाल बटण एकदा दाबावं, पुन्हा पुन्हा नाही. दर वेळी न जळलेलं तेल आत साचतं आणि पेटताना भडका उडतो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि सप्टेंबरात, थंडी पडायच्या आधी, तंत्रज्ञ बोलावून फिल्टर व नोझल बदलून घ्यावं आणि बदलल्याची तारीख खडूने भांड्यावर लिहून ठेवावी.