'वेक अप' म्हणजे जाग येणे, अंथरूण सोडणे नव्हे

मराठीत 'उठला' म्हटलं की दोन्ही आलं, जाग येणं आणि अंथरूण सोडणं. इंग्रजीत त्याला दोन वेगळी क्रियापदे आहेत. पाचला जाग आली पण सहापर्यंत गोधडीतच लोळला, तर पाचला 'वोक अप' आणि सहाला 'गॉट अप'. ऑपरेशननंतर दवाखान्यातून 'पेशंट वोक अप' असा मेसेज आला, तर पेशंट शुद्धीवर आला एवढाच अर्थ घ्यावा. चालायला लागला असं गावभर सांगू नये. दुसऱ्याला जागं करायलाही हेच क्रियापद, फक्त 'हिम', 'हर' मध्ये घालायचं: 'वेक हिम अप'. 'वेक अप हिम' चूक, पोरांचे मार्क इथंच जातात. तिसरं रूप 'वोकन अप'. बातम्यांतला 'वेक-अप कॉल' म्हणजे डोळे उघडणारी घटना.